परातीतली नदी

नाही नाही, त्या दाराची कडी नका वाजवू अजून, इकडं या, इकडं. तिथं आत्ता वामनरावांची आंघोळ चालू असन — लेकच घालते बापाले आंघोळ, डावं अंग गेलेलं आहे नं त्यांचं, सगळं तिलेच करा लागते — दार उघडाले वेळ लागन, तुम्ही उगीच उन्हात उभ्या राहाल. या, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलते, ह्या पलंगावर बसा. काटोलच्या गाडीनं आल्या नं? गल्लीत पाऊल टाकलं तेव्हाच ओळखलं मी. नवं माणूस आलं की आधी वर पाहते, हे लाकडं अंगावर तं पडणार नाही म्हणून — तुम्हीही पाहिलं. नाही पडत. लकडगंज आहे बाई हे, दोन्ही बाजूनं लाकडाचे टाल, मागं आरा मशीन, मधात आमचे हे दोन घरं अन् एक आंगण. वर पाहिलं तं आभाळ केवढं — तर धोतराच्या पानाएवढं. मशीन चालू झाली की आपलं बोलणं आपल्याले ऐकू येत नाही. आज बंद आहे, म्हणून बोलून घ्या. पाणी घ्या नं, गार आहे, माठातलं.

तुम्ही मुलाच्या मावशी. मनकर्णाबाई, होय नं? वामनरावांच्या शामलानं सांगितलं होतं काल. म्हणजे सहजच — भाजी निवडता निवडता. म्हणे, गोपिकाकाकू, उद्या काटोलहून मुलाची मावशी येणार आहे घर पाहाले, तर तुम्ही — काही नाही, जाऊ द्या. असंच म्हणाली. म्हणाली की तुमच्याकडे आल्याच तं पाणी द्या अन् आमच्याकडे पाठवून द्या, जास्त बोलू नका. आता सांगा, मी काय बोलणार आहे? मी सातवी शिकलेली बाई, मले कुठं बोलता येते. तुम्ही विचाराल तेवढं सांगीन, एक शब्द जास्त नाही.

स्वयंपाक? स्वयंपाकाचं काय विचारता बाई. ह्या घरातलं वरण अन् त्या घरातलं वरण, भिंतीले कान लावला तं फोडणीच्या आवाजावरून सांगीन मी कोणतं चांगलं. तिचंच. स्वभाव गरीब. उंच आहे थोडी, पण तुमचा कृष्णकांतही उंच असन नं — शाळेत मास्तर अन् वर घरचा संत्र्याचा बगीचा म्हणजे बरंच आहे. विहीर आहे काय बगीच्यात? अन् नाला? नाला आहे? वाहते? म्हणजे बैल घरचेच असतील, नाल्यावरच धुवत असाल पोळ्याले... नाही, मी असंच विचारलं. तिले आवडन म्हणून.

फोटो? तुम्हाले तेही कळलं? लपवण्यासारखं काहीच नाही त्यात, सांगते. वामनरावांचा सीताबर्डीवर स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो, पासपोर्टचे फोटो, मागं डोंगर अन् ताजमहाल रंगवलेला पडदा. आमचा एक काढला होता त्यांनी, तो पाहा, तो वर टांगला आहे — आमचे हे उभे अन् मी बसलेली, मागं धबधबा. मी आजपर्यंत धबधबा पाहिला तो तेवढाच. मंग वामनराव पडले, स्टुडिओ गेला, पडदेही गेले, एक डब्यासारखा कॅमेरा तेवढा राहिला. अन् शामला कॉलेजातून घरी बसली. भाऊ आहे भिलाईले, पण तो कारखान्यातला माणूस, दिवाळीले येते अन् बापाच्या पायावर डोकं ठेवून जाते. तिलेच राहा लागलं. माणसाले दर थोड्या वेळानं कुशीवर वळवा लागते बाई, नाही तं पाठ सडते. मंग ती जाईन कुठं? मी म्हटलं, चाल वं पोरी, अंबाझरीले जाऊन येऊ एखादवेळी, तलाव पाहू. तं म्हणाली, काकू, मी अंबाझरी इथंच आणते.

अन् आणली नं तिनं. ही माही परात — ते पाहा, चुलीमागं उभी आहे, पितळेची, लग्नातली — ती मागून नेली. आंगणात ठेवली, पाणी टाकलं, पाण्यात कपड्याची नीळ चिमूटभर. काठाले आरा मशीनचा भुसा, म्हणजे रेती झाली. तुळशीच्या वाळल्या काड्या रोवल्या, ते झाडं. अन् गल्लीतले पोट्टे बोलावले की ज्याच्याजवळ जे जनावर असन ते आणा. कोणाचा मातीचा हत्ती, कोणाचं प्लास्टिकचं हरण, कोणाचं ते पिवळं बदक दाबलं की कुईं करते ते. बदक हत्तीहून मोठं. पोट्टे भांडले. तं तिनं हत्ती जवळ ठेवला अन् बदक पार मागं, म्हणाली आता वाका अन् इथून पाहा. बाई, मीही वाकली. गुडघे वाजतात माहे, तरी वाकली. खरंच सांगते, परात नव्हती ती. नदी होती. ह्या काठाले हत्ती पाणी पिऊन राहिला होता.

काम लय बारीक असते ते. एक पोट्टा मागून लोट्यानं धार सोडते, तो पाऊस. एक जण पंख्यानं हळू हवा घालते, त्या लाटा. अन् फोटो काढाचा तं कॅमेरा पाण्याच्या बरोबरीनं पाहिजे, नाही तं परातीचा काठ दिसते — मंग शामला काय करते, आंगणात सपाट पोटावर झोपते. फरशीले गाल लावून. अन् म्हणते, धरा श्वास. तिनं श्वास धरा म्हटलं की सगळे पोट्टे श्वास धरून पुतळ्यासारखे बसतात, कारण एवढ्याशा पाण्याले कोणाचा श्वास लागला तरी ते थरथरते. तीही धरते. एकदम गपगार. ह्या आंगणात एवढी शांतता मी दुसऱ्या कोणत्याच कामात पाहिली नाही. पोट्टे म्हणजे कोणाच्या बापाचे ऐकत नाही, तिचं ऐकतात. मंग कट्ट होते अन् सगळे एकदम सोडतात — हुऽऽ.

आमच्याकडे नंदी आहे बाई, दाखवते. हे फडकं काढू द्या. पाहा. सागाचा आहे, एकाच लाकडाचा, शिंगाले पितळ, खाली चाकं. माह्या लग्नाच्या वर्षी सासऱ्यांनी इथल्याच सुताराकडून करून घेतला. म्हणाले, नातू तान्ह्या पोळ्याले हाच ओढीन, गल्लीत असा नंदी कोणाचा नसन. आता तुमच्याकडे खरे बैल, तुम्ही मोठा पोळा पाहिला, पण इथं नागपुरात दुसऱ्या दिवशी लेकराईचा पोळा पाहा — एवढे एवढे पोट्टे, डोक्याले फेटे, हातात दोरी, मागं लाकडाचा बैल घरंगळते, दारोदार फिरतात, अन् आपण बैलाले ओवाळाचं अन् लेकराच्या हातात बोजारा ठेवाचा, चाराणे, खाऊ, जे असन ते. मी दरवर्षी ठेवते. सगळ्यांच्या हातावर ठेवते. अन् आमचा नंदी इथं ह्या कोनाड्यात. त्याची चाकं पाहा नं, कशी नवीन आहेत. कशी नवीन आहेत.

असो. पोटचं नाही झालं, ते नाहीच झालं, मी काही रडत नाही त्याच्यासाठी. आमचे हे सकाळी टालावर जातात अन् अंधार पडल्यावर येतात, जेवतात, झोपतात, चांगला माणूस आहे. पण दिवस बाई — दिवस असा भिंतीसारखा उभा राहते समोर. तर एका वर्षी शामला आली, पोळ्याच्या आधी, म्हणाली, काकू, गावाकडे पोळ्याले बैलं नदीवर नेऊन धुतात, ह्या पोट्ट्यांच्या बैलाईले कोण धुते? नंदी द्या. मी म्हटलं, हे रागावतील. तं म्हणे, द्या हो. अन् पोट्टे मागं उभे, दहा-बारा, सगळे त्या कोनाड्याकडं पाहून राहिले. दिला. बाई, त्या दिवशी आंगणात माह्या नंदीले लेकरांनी आंघोळ घातली. पाठ चोळून. एक पोट्टी तर त्याच्या कानात सांगत होती, डोळे मीट, साबण जाईन. मी इथं दारात बसली होती. मी तेव्हापासून रोज संध्याकाळची वाट पाहते, खरं सांगू? रोज. पाच वाजले की परात मीच काढून ठेवते, मागाले यावं लागत नाही कोणाले. परवा पोळा आहे, आजही येतील नंदी धुवाले. शामला असली तं येतात. ती नसली — एका दिवाळीले भाऊ गाडी करून बापाले अन् तिले चार दिवस भिलाईले घेऊन गेला होता — तं एकही पोट्टा ह्या आंगणात फिरकला नाही. मी चिवडा काढून बसली होती.

काय म्हणता? हळू बोलून राहिल्या तुम्ही. फिट?

कोण म्हणालं फिट? कोण म्हणालं तुम्हाले? मागं मुलाकडून पाहाले आल्या होत्या त्या वर्ध्याच्या बाई म्हणाल्या असतील. म्हणजे तुमच्या ओळखीच्या निघाल्या? पाहा बरं, लोक कसे असतात. त्या बाईले तं मी इथंच, ह्याच पलंगावर बसवून, चहा पाजून स्वच्छ सांगितलं होतं की पोरीले फिट-बिट काही येत नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं बिचारीनं, मी सोताहून सांगितलं. म्हटलं बाहेरून काही ऐकलं असन तं मनात राहू नये. हिंगणघाटवाल्यांनाही तसंच सांगितलं. ते दोघं आले होते, बाप अन् चुलता, त्यांनाही म्हटलं, लोक म्हणतात तसं काही नाही, मी शेजारी आहे, मले माहीत. चांगले हसून गेले. मंग निरोपच नाही आला त्यांचा. त्याच्या आधीचे ते उमरेडचे, तेही असेच. माह्याकडं पाणी पिऊन जातात अन् त्या घरी जाऊन नुसते पोहे खातात. काय होते काय माहीत. नशीब म्हणाचं पोरीचं.

नाही, लोक म्हणजे — लोक काही म्हणत नव्हते तसं पाहिलं तं. झालं काय, सांगते, पूर्ण ऐका, अर्धं ऐकून नका जाऊ. त्याच नंदीच्या आंघोळीच्या दिवसाची गोष्ट आहे. धुऊन झाला, मंग त्याले परातीत उभा केला फोटोसाठी. मी आत आली होती कांदा चिराले. अन् बाहेर एकदम आवाज बंद. पोट्ट्यांचा आवाज असा एकाएकी बंद झाला की बाईच्या जातीचं काळीज हलते, तुम्हाले माहीत आहे. मी दारात आली तं शामला पालथी पडलेली. डोळे उघडे, हलत नाही, श्वास नाही. अन् पोट्टे भोवती गोल बसून, तोंडं फुगलेले, डोळे मोठे, एक बोलेना. मी म्हटलं काय झालं रे — एकही बोलेना. आता मले काय माहीत त्यांनी श्वास धरला म्हणून? तोवर मी ते श्वास धरणं पाहिलं नव्हतं, नंतर पाहिलं. मी ओरडली, अवं माय, पोरीले फिट आली. पायातली चप्पल काढली, हातात कांदा होताच, धावली. एक पाय पडला परातीत, सगळी नदी अंगावर, अन् तिच्या नाकाले चप्पल लावली — फिटवाल्याले चामडं हुंगवतात नं, आमच्याकडे तेच करतात, तुमच्याकडेही करत असतील. ती सांगून राहिली, काकू, काकू, मी बरी आहे. पण फिटवाला माणूस असंच म्हणते नं शुद्धीवर आल्यावर? तोवर टालावरचे हमाल आले, सुतार आले, समोरच्या चक्कीतले लोक पिठाच्या अंगानं आले. कोणी पाय धरले, कोणी चमचा आणला दातात घालाले. अन् आत वामनराव हाका मारून राहिले, उठता येत नाही त्यांना, काय झालं कोणी सांगाले तयार नाही. पोरगी बसली मधात, भिजलेली, नाकाशी माही चप्पल. रडली नाही. माह्याकडं पाहिलं नुसतं.

पोट्ट्यांनी सांगितलं नं नंतर, सगळ्यांनी मिळून सांगितलं. हमाल हसत गेले. पण चक्कीवर बाया येतात दळण घेऊन, चार ठिकाणच्या. तिथं कोण खरं सांगत बसते. मी तर कधीच फिट म्हटलं नाही त्याच्यानंतर. जो आला त्याले म्हटलं, नाही. प्रत्येकाले म्हटलं.

तुम्ही उठल्या काहून? चहा टाकते मी. बसा नं. अडीचची गाडी पकडाची म्हणता — तुम्ही तं संध्याकाळपर्यंत थांबणार होत्या, शामला म्हणाली, तिनं पोळ्या लाटून ठेवल्या आहेत पुरणाच्या. काल रात्री पुरण वाटण्याचा आवाज येत होता मले. त्या घरी न जाताच जाल? कृष्णकांतच्या आईले काय सांगाल?

तसं नका सांगू. पिशवी खाली ठेवा. ठेवा म्हटलं नं. थांबा, मी जरा — ते काढते. इथंच आहे, नंदीच्या खाली. त्याच्या पोटाखाली ठेवलं आहे मी, फडक्यात. हे पाहा.

उजेडात धरा. हा नंदी. पाहा कसा उभा आहे, पाणी गुडघ्यापर्यंत, डोळ्यात पाणी चमकून राहिलं, खरा बैल म्हणाल तुम्ही, नदीतला. अन् हे इकडं, हे डोंगरासारखं पांढरं-पांढरं, धुरकट, हा माहा पाय आहे. जोडवं दिसते नं? परातीत पडणार, त्याच्या आधीचा आहे. म्हणजे मी ओरडली, धावली, पाय उचलला, अन् त्याच वेळी तिनं बटण दाबलं. नंदीचा फोटो चुकू नये म्हणून. आता तुम्हीच सांगा बाई, मास्तरच्या घरच्या आहात, फिट आलेलं माणूस कॅमेऱ्याचं बटण दाबते काय? नेम धरून? नंदी पाहा किती साफ आला. हलली असती तं आला असता काय?

रोल धुवून आला तेव्हा तिनं हा मलेच दिला. म्हणाली, काकू, हा तुम्हीच ठेवा, कोणी विचारलं तं दाखवा.

नाही दाखवला. कोणालेच नाही. काय दाखवाचं त्यात, पाय आला नं माहा. बाईमाणसाचा पाय, लुगडं वर गेलेलं, परक्या माणसांपुढं कसा ठेवाचा. अन् दाखवला असता तं त्यांनी — तं वर्ध्याले गेली असती ती. चांगलंच झालं असतं, मी कुठं म्हणते नाही झालं असतं. तिकडं काय नदी मोठी आहे. मी फक्त पायासाठी —

तुम्ही असं नका पाहू माह्याकडं. ती पाहते तसं पाहून राहिल्या तुम्ही.

घ्या हा. न्या. कृष्णकांतच्या आईले दाखवा, कृष्णकांतले दाखवा, सगळ्या काटोलले दाखवा माहा पाय. अन् वामनरावांचं कसं होईन ते मनात आणू नका. मुलीकडचं ओझं येईन म्हणून तुम्ही भीत असाल तं नका भिऊ. भिलाईचा लेक आंघोळीपुरता माणूस ठेवन, ठेवाच लागन, मी सांगीन त्याले. बाकीचं मी आहे नं. मधात एक वीत भिंत आहे, खोकलले तरी मले ऐकू येते. भाकर कुस्करून देईन. कुशीवर वळवाचं तेही जमन, आमचे हे हात लावतील. मले दुसरं काय आहे दिवसभर. पोट्टे नाही येणार तसेही मंग.

ऐकलं? बादली वाजली. आंघोळ झाली त्यांची, आता ती पाणी फेकाले दार उघडन. जा तुम्ही. चहा राहू द्या. पदर सावरा, अन् तिले म्हणा आत्ताच आली, सरळ इकडेच आली. बोलू नका की इथं बसल्या होत्या. नाही, मी नाही येत. मी आली तं बोलीन, मले माहीत आहे मी बोलीन, दारातूनच सुरू होईन. असं करा, माहं दार ओढून घ्या जाताना अन् बाहेरून कडी घाला.

हो, बाहेरून. पोट्टे येतील पाच वाजता परात न्याले, ते काढतील.

घाला म्हटलं नं.